जुलैतल्या मंगळवारी घरी किती वाजता पोचाल?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी दापोली तालुक्यातला, वय ३२. १ जूनपासून मुंबईत बॅलार्ड इस्टेटला एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात लागतोय. सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते संध्याकाळी साडेसहा. हातात ५२ हजार येतील, भाड्याला १५ हजारांपर्यंत काढता येतील. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. जिथे राहू तिथेच ती काम बघेल. मुलगी चार वर्षांची. आई ६८ वर्षांची, मधुमेह आहे आणि गुडघे दुखतात. तिला समुद्र आणि मोकळी हवा सोडवत नाही. गावी हापूसची कलमं आहेत, महिन्यातून एकदा तरी जावंच लागेल. मुंबईत घर परवडणार नाही. अलिबाग, उरण, पेण आणि पनवेल असे चार पर्याय डोक्यात आहेत. मन अलिबागकडे ओढ घेतंय. मांडव्याहून बोटीने तासात गेटवे, तिथून ऑफिस चालत. मित्र म्हणतात पनवेल घे. दोन वर्षांत जमलं तर विकतच घ्यायचंय. काय करू?"

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट १ जून ही तारीख आहे. गेटवे ते मांडवा या प्रवासी बोटी दरवर्षी साधारण २६ मेपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. म्हणजे ज्या बोटीच्या भरवशावर तुम्ही अलिबागचं घर ठरवताय, ती तुमच्या नोकरीच्या पहिल्या दिवशीच नसेल आणि पुढचे तीन महिनेही नसेल. दाभोळ-धोपावे फेरीबोट पावसातही चालते, ती बघत मोठं झालेल्या माणसाला बोट बंद पडेल हे चटकन मनात येत नाही. पण ती खाडी ओलांडते. मांडव्याची बोट मुंबई बंदराच्या तोंडाशी, उघड्या वाऱ्यात चालते.

मांडव्याला रो-रो आहे, हे खरं. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी ती मोठी बोट चालते, त्यात गाड्याही जातात आणि पावसाळ्यातही ती सुरू ठेवतात. मात्र फेऱ्या कमी होतात आणि समुद्र खवळला की आयत्या वेळी रद्द होतात. ज्या दिवशी आभाळ स्वच्छ आहे त्या दिवसाचा हिशोब मांडू: मांडव्याजवळच्या गावात घर असेल तर जेटीपर्यंत दुचाकीने १५ मिनिटं, बोट सुटायच्या आधी २० मिनिटं, समुद्रात तासभर, भाऊच्या धक्क्यावरून बॅलार्ड इस्टेट टॅक्सीने किंवा बसने १५ ते २० मिनिटं. झाले जवळजवळ दोन तास. घर अलिबाग शहरात असेल तर आणखी ४० मिनिटं घाला, कारण मांडवा ते अलिबाग हेच १८-२० किलोमीटर आहे. गेटवेच्या बोटींच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस मिळते, पण बसला वेळ लागायचा तो लागतोच.

आता आभाळ फाटलेला दिवस. बोट रद्द. मग पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल असा रस्ता. वडखळ नाक्याला अलिबागचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो आणि तिथे वाहनं तुंबली की तास कुठे गेला कळत नाही. अलिबागहून पनवेलला एसटीची विनाथांबा गाडी आहे, ती चांगली सोय आहे. पण पनवेलला उतरून पुढे तुम्हाला लोकलच धरायची आहे. एका बाजूचे साडेतीन तास सहज जातील. संध्याकाळचंही लक्षात घ्या. साडेसहाला ऑफिस सुटणाऱ्या माणसाची शेवटची बोट एका फोनमुळे, एका मीटिंगमुळे चुकू शकते. लोकल चुकली तर पुढची असते. शेवटची बोट चुकली तर रात्री शंभर किलोमीटरचा रस्ता असतो. पैशाचं सांगायचं तर बोटीचं एकेरी तिकीटच दीडशेच्या पुढे आहे. महिन्याचे २२ दिवस, ४४ फेऱ्या धरल्या तर निदान ६,६०० रुपये. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास काही शे रुपयांत येतो.

ज्याला आठवड्यातून एक-दोन दिवसच मुंबईत जायचंय, बाकी घरून काम आहे, त्याला मांडवा-किहीम पट्टा आम्ही आनंदाने सुचवू. तुमच्यासाठी नाही.

कुठल्याही ठिकाणासाठी आम्ही एकच प्रश्न विचारतो: जुलैतल्या मंगळवारी, पाऊस सकाळपासून लागलेला असताना, तुम्ही घरी किती वाजता पोचाल? रविवारी घर बघायला गेलेला माणूस रस्ता मोकळा बघतो, रिक्षा लगेच मिळते, दलाल म्हणतो स्टेशन पाच मिनिटांवर. त्या पाच मिनिटांवर घर ठरवू नका. नकाशावरच्या किलोमीटरवर तर मुळीच नको. दारापासून टेबलापर्यंतची मिनिटं मोजा आणि त्यात ताटकळण्याची मिनिटंही धरा.

तसं पनवेलचं मोजू. घरापासून स्टेशन चालत १२ मिनिटं. जिना चढून फलाटावर, गाडीची वाट, १० मिनिटं. पनवेल ते सीएसएमटी हार्बर लोकल सुमारे ८० मिनिटं. हार्बरला जलद गाडी हा प्रकार नाही, प्रत्येक स्टेशन घेत जाते. सीएसएमटीहून बॅलार्ड इस्टेट चालत १५ मिनिटं. बेरीज ११७, म्हणजे दोन तासच धरा. जाऊन-येऊन चार तास, महिन्याला ८८ तास. हा आकडा लहान नाही आणि आम्ही तो लपवणार नाही. पण या ८८ तासांतले बहुतेक तास तुम्ही बसून काढू शकता, आणि पनवेलच्या बाजूने आमचं मत पडतं ते यामुळे.

पनवेल हे गाडी सुटण्याचं स्टेशन आहे. सकाळी रिकामी गाडी लागते. आठच्या सुमाराला फलाटावर उभे राहा: गाडी अजून पुरती थांबलेली नसते आणि रोजची माणसं चालत्या डब्यात शिरलेली असतात. तुम्ही तसं करू नका, ती सवय हातपाय घेते. त्याऐवजी एक गाडी सोडून पुढच्या गाडीसाठी पुढे उभे राहा, दहा मिनिटं जास्त जातील पण जागा मिळेल. तिघांच्या बाकावरची चौथी सीट ८० मिनिटांसाठी धरू नका, अर्धं शरीर हवेत राहतं आणि महिन्याभरात कंबर बोलायला लागते. संध्याकाळीही सीएसएमटी हे सुरुवातीचंच स्टेशन. हार्बरच्या गाड्या फलाट १ आणि २ वरून सुटतात. फक्त फलकावर पनवेल आहे की वाशी किंवा बेलापूर हे बघून चढा. गर्दीच्या वेळी मधूनमधून या अर्ध्या वाटेच्या गाड्या असतात आणि नवखा माणूस हमखास चुकतो.

यावरून निघणारी एक गोष्ट घर शोधताना उपयोगी पडेल. तुम्हाला कोणी खारघर किंवा सीवूड्स सुचवेल, "१५-२० मिनिटं वाचतील" म्हणून. वाचतील, पण भाडं चढेल आणि सकाळी गाडी भरून येईल. तासभर दारात लोंबकळण्यापेक्षा ८० मिनिटं बसून जाणं शरीराला परवडतं, रोजच्या रोज तर नक्कीच. खांदेश्वर आणि मानसरोवर ही पनवेलच्या लगतची स्टेशनं. तिथे कधी जागा मिळते, कधी नाही. म्हणून पहिली पसंती पनवेल स्टेशनापासून चालत १५ मिनिटांच्या आत. दुसरी, खांदा कॉलनी आणि कामोठे. पावसात रिक्षाच्या रांगेत २० मिनिटं उभं राहणं हे प्रवासाचंच अंतर आहे, म्हणून आम्ही चालत या शब्दावर अडून बसतोय. करंजाडेला भाडं कमी सांगतील, पण तिथून स्टेशनला जायला रिक्षा किंवा बस लागणार आणि पाण्याबद्दल तिथे नीट विचारावं लागतं.

उरणचं बोलू. उरणपर्यंत लोकल १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाली, त्याआधी ती खारकोपरपर्यंतच होती. ती नेरूळ किंवा बेलापूरला जाते, सीएसएमटीला थेट नाही. उरण ते नेरूळ सुमारे ४० मिनिटं, गाडी बदलायला १२, नेरूळ ते सीएसएमटी तासभर, दोन्ही टोकांचं चालणं आणि वाट बघणं ३५. अडीच तासांच्या जवळपास जातं. शिवाय या मार्गावर गाड्या हार्बरसारख्या पाठोपाठ नाहीत, एक चुकली की बराच वेळ बसून राहावं लागतं. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच आहे, कागदावर ती तुमच्या ऑफिसला सगळ्यात जवळची. पण मोरा बंदरात गाळ आहे आणि मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. भरती-ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते हे तुम्हाला आम्ही सांगायला नको, ऑफिसची वेळ मात्र सरकत नाही. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे आणि कारने शिवडी गाठायला तो उत्तम. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि पूल सुरू झाला तेव्हाचा टोल कारला एकेरी २५० रुपये होता. रोज कार नेणं तुमच्या पगारात बसत नाही. सेतूवरून मुंबईत जाणाऱ्या काही बस आहेत, त्यांच्या फेऱ्या मोजक्या. त्यावर घर ठरवू नये. उलव्याबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो: खारकोपर आणि बामणडोंगरी स्टेशनांमुळे ते उरणपेक्षा बरंच सोयीचं आहे, पण जवळ विमानतळ झाल्यापासून तिथले घरमालक भाडं सांगताना हात आखडत नाहीत. उरणच्या रस्त्यांवर बंदराचे कंटेनर ट्रेलर दिवसरात्र असतात. तुमची पत्नी दुचाकी चालवणार असेल तर हे हलकं घेऊ नका.

पेण गाव म्हणून फार छान, आईला आवडेलही. पण पेणहून पनवेलला येणाऱ्या मेमू आणि पॅसेंजर गाड्या दिवसातून मोजक्याच आहेत. पनवेलला गाडी बदलून सीएसएमटी म्हटलं की एका बाजूचे पावणेतीन ते तीन तास. ऑफिस बेलापूरला असतं तर आम्ही पेणचा विचार करा म्हटलं असतं. एक सावधगिरी: पेण स्टेशनातून जाणाऱ्या कोकणच्या एक्स्प्रेस गाड्या बघून "पासवर त्यातून जाऊ" असं वाटेल. पासवर आरक्षित डब्यात चढता येत नाही, दंड होतो.

उत्तरेकडचा पालघर, बोईसर, डहाणू हा पट्टाही किनाऱ्याचाच आणि एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आहे. पण चर्चगेट ते डहाणू रोड १२४ किलोमीटर, विरारच्या पुढे गाड्या विरळ, आणि दापोलीला जायचं तर सगळी मुंबई ओलांडायची. तुमच्या कामाचा नाही.

गावाकडे जाण्यासाठी नकाशावर अलिबाग दापोलीला जवळ दिसतं. प्रत्यक्षात रेवदंडा, मुरूड, आगरदांड्याला फेरीबोट, दिघी, श्रीवर्धन, बागमांडल्याला दुसरी फेरीबोट, वेसवी, केळशी असा तो रस्ता आहे. सुट्टीत सुंदर, पण खताची पोती आणि म्हातारी आई घेऊन नाही. पनवेलला मात्र कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या थांबतात. शुक्रवारी मध्यरात्री पनवेलला कोकणकन्या किंवा तुतारी धरलीत की पहाटे खेड, तिथून एसटीने दापोली. रविवारी रात्री खेडला बसलात की पहाटे पनवेल. घरी जाऊन आंघोळ करून सोमवारची लोकल मिळते. कलमांसाठी महिन्यातून एकदा पुरेल असं तुम्ही म्हणता, पण डिसेंबर ते फेब्रुवारी मोहराच्या फवारण्यांना पंधरवड्याचा हिशोब लागतो. त्या काळात महिन्याला दोन फेऱ्या धरा किंवा गावी फवारणीचा माणूस आताच ठरवून ठेवा. पनवेलचं एसटी स्टँडही स्टेशनाच्या जुन्या पनवेलकडच्या बाजूला आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आईलाही तोच लाभ. ओळखपत्र जवळ असू द्या.

आता पनवेलची खोट. पनवेल शहराला महापालिकेच्या देहरंग धरणातून आणि इतर योजनांतून पाणी येतं. उन्हाळ्यात धरण आटलं की एक दिवसाआड पाणी होतं. नवीन पनवेल, कामोठे या भागांत सिडकोची व्यवस्था आहे, तिथेही मे महिना तंगच. तुम्ही मे महिन्यात घर बघणार आहात हे यासाठी चांगलं आहे, कारण जे काय उणं असेल ते तेव्हाच दिसतं. सोसायटीच्या वॉचमनला विचारा: पाणी किती वाजता येतं, किती वेळ, आणि गेल्या आठवड्यात टँकर किती आले. टँकर आला असेल तर त्याचे पैसे देखभाल खर्चात धरलेत की भाडेकरूकडून वेगळे घेतात हे घरमालकाकडून लिहून घ्या. सकाळी सात ते आठच्या दरम्यान जाऊन स्वयंपाकघरातला नळ उघडून बघा. दुपारी बारा वाजता बघितलेला नळ काहीच सांगत नाही.

ओल बघायची पद्धतही सांगतो, कारण मे महिन्यात नवा रंग मारलेलं घर सगळं झाकून ठेवतं. पश्चिमेकडची किंवा नैर्ऋत्येकडची भिंत शोधा, पावसाची झड तिकडूनच येते. खिडकीच्या चौकटीखाली, कोपऱ्यात, अंगठ्याने रंग दाबा. रंग फुगून पोकळ लागला किंवा नखाला पांढरी पूड आली तर ती भिंत गेल्या पावसात भिजली होती आणि या पावसातही भिजणार. कपाट भिंतीला चिकटून असेल तर ते पुढे ओढायला सांगा, बुरशीचा डाग मागे असतो. वरच्या मजल्याचं घर असेल तर गच्चीवर जा. पत्र्याचं छत घातलंय का, पाणी उतरायचे पाइप पानांनी तुंबलेत का ते बघा. तळमजला आईच्या गुडघ्यांसाठी बरा वाटेल, पण पनवेलला गाढी नदी आहे आणि सखल भागांत पाणी भरतं. तळमजल्याच्या घराबाहेर आणि पार्किंगच्या भिंतीवर गाळाची आडवी रेघ दिसते का ते बघा. शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो शटर किती उंचीपर्यंत भिजलं ते हाताने दाखवेल. आमचा सल्ला पहिला किंवा दुसरा मजला आणि चालू लिफ्ट. लिफ्ट वीज गेल्यावर चालते का, हा प्रश्न आईसमोर नको, स्वतंत्र विचारा आणि खात्री करा.

मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की हार्बरला कुर्ला, चुनाभट्टीच्या सखल भागात रुळांवर पाणी येतं. अशा वेळी अनेकदा मानखुर्द ते पनवेल गाड्या चालू असतात आणि सीएसएमटी ते मानखुर्द बंद. मुंबई महापालिका दर पावसाळ्याच्या आधी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते. त्या तारखा आणि वेळा फोनच्या कॅलेंडरवर टाकून ठेवा. त्या दिवशी भरतीच्या दोन तास आधीच पाऊस जोरात असेल तर साहेबांना सांगून लवकर निघा. पर्याय म्हणून मध्य रेल्वेने ठाणे आणि तिथून ट्रान्सहार्बरने पनवेल हा मार्ग आहे. मुख्य मार्गही बंद असेल तर मुंबईत एका नातेवाइकाकडे रात्र काढायची सोय आधीच बोलून ठेवा. बॅगेत एक जोडी कपडे, पॉवर बँक, टॉर्च. आईच्या गोळ्यांचं आणि मुलीच्या शाळेचं त्या रात्री पत्नी एकटी बघेल, म्हणून पुढचा मुद्दा.

तुम्ही चौघे आहात आणि रोज लांबचा प्रवास एकानेच करायचा आहे. म्हणून मुलीची शाळा, पत्नीचं काम, आईचा डॉक्टर आणि रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान हे सगळं घरापासून दोन किलोमीटरच्या आत असलं पाहिजे. स्टेशनाजवळचं घर मिळालं पण पत्नीला लॅबला जायला पाऊण तास लागतोय, असं ठरवू नका. पनवेल, कामोठे, खारघर भागात लॅब आणि रुग्णालयं भरपूर आहेत, कामोठ्याला एमजीएमचं मोठं रुग्णालयही आहे. पत्नीने घर ठरवण्याच्या आधीच चार-पाच ठिकाणी अर्ज करावेत. लॅबची पहिली पाळी रक्ताचे नमुने घ्यायला सकाळी सातला सुरू होते, त्या वेळी मुलीला कोण सांभाळणार हे आताच बोला. गुडघे दुखणाऱ्या आईवर सगळा भार टाकू नका.

आईला समुद्र पनवेलला मिळणार नाही, हे स्पष्ट सांगा. जुन्या पनवेलमध्ये बाजार, देवळं आणि कोकणातून आलेली माणसं भरपूर आहेत, मासळी बाजार आहे, तिथे तिचं मन रमायची शक्यता नवीन कॉलनीपेक्षा जास्त. पण जुन्या इमारतींना लिफ्ट नसते, म्हणून आईला एकदा घर दाखवून मगच ठरवा.

१५ हजारांत पनवेल स्टेशनाच्या टप्प्यात जुन्या इमारतीतलं एक बीएचके बघायला लागा. नव्या टॉवरच्या मागे लागू नका, तिथे देखभाल खर्च वेगळा चढतो. करार ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करा आणि तो नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. "नोटरी करून टाकू, खर्च वाचेल" असं कोणी म्हटलं तर वाचतं किती ते बघा: भाडं १५,००० गुणिले ११ म्हणजे १,६५,०००. डिपॉझिट ६० हजार असेल तर त्यावर १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं धरलेलं व्याज ५,५००. एकूण १,७०,५०० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, ४२६ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एवढ्यासाठी ६० हजारांच्या डिपॉझिटचा पुरावा सोडायचा नाही. करारात घरमालकाने आणि तुम्ही किती महिन्यांची सूचना द्यायची ते लिहा, आणि ठरलेल्या मुदतीआधी सोडता येणार नाही असं कलम तीन महिन्यांहून मोठं ठेवू नका. पहिल्या पावसात घर गळलं तर बाहेर पडायची वाट मोकळी पाहिजे. पोलिसांकडे भाडेकरूची नोंद झाली का तेही बघा.

लोकलचा पास आधी एक महिन्याचाच काढा. नोकरी आणि घर दोन्ही जमलं की तिमाही घ्या. तो मासिकाच्या २.७ पट असतो, म्हणजे दहा टक्के वाचतात.

विकत घ्यायचा विचार एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा तिथे काढल्याशिवाय नको. तोपर्यंत कोणी नवीन पनवेलच्या पूर्वेकडच्या सुकापूर, विचुंबे, नेरे या गावांत स्वस्तातला फ्लॅट दाखवेल. तो भाग २०१३ मध्ये सिडकोच्या नैना क्षेत्रात, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या अधिसूचित पट्ट्यात आला. त्यानंतर ग्रामपंचायतीच्या कागदावर उभी राहिलेली इमारत म्हणजे परवानगी असलेली इमारत नव्हे. गावठाणाच्या आसपास आणि साडेबारा टक्क्यांच्या (जमीन गेलेल्या गावकऱ्यांना सिडकोने परत दिलेल्या) भूखंडांजवळही अशा इमारती आहेत, जिथे फ्लॅट नोटरीवर विकतात, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी होत नाही. साधी कसोटी अशी की राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन त्या इमारतीला कर्ज देता का विचारा. त्यांनी हात वर केले तर तुम्हीही करा. बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र आणि नवीन प्रकल्प असेल तर महारेरा क्रमांक, हे तिन्ही बघितल्याशिवाय टोकन म्हणून एक रुपया देऊ नका.

आता लगेच करायचं ते असं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोमवारी रात्रीपर्यंत पनवेलला या, मंगळवारी सकाळी साडेसातला बघितलेल्या घराच्या दारातून निघा, पायी स्टेशन, लोकल, सीएसएमटी, आणि ऑफिसच्या दारापर्यंत जा. घड्याळ लावून. दुपारी परत न येता मुंबईतच थांबा आणि साडेसहाला ऑफिसच्या दारापासून उलटा प्रवास करा. पत्नीला बरोबर आणा. तुम्ही गाडीत असताना ती लॅब आणि शाळा बघून घेईल. हा एक दिवस मोडल्याने तुमचं ११ महिन्यांचं भाडं योग्य जागी पडेल.

गणपतीला गावी जायचं असेलच. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ वाजता, आणि कोकणच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. तुम्ही तेव्हा नव्या ऑफिसात रुळत असाल, लोकलमध्ये नेट येत-जात असेल. त्या सकाळी तिकीट काढायचं काम पत्नीकडे द्या आणि खेड ते पनवेल परतीचंही त्याच्या दिवशी आठवणीने काढा, कारण जाताना एसटी मिळून जाते, येताना पाचव्या-सातव्या दिवशी खेड स्टेशनावर उभं राहायला जागा नसते.